तेवीस पॉइंट चार

यंदा थंडी उशिरा आली, पण आली ती हाडांत शिरूनच. सकाळी स्कूटीच्या सीटवर दव साचलेलं असतं, खिशातून हात बाहेर काढावासा वाटत नाही, आणि दिंडोरी रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर जमिनीलगत तरंगताना दिसतो. गारठ्याने मणी तडकू नयेत म्हणून माणसं पहाटेपासून बागेत पाचट पेटवून बसलेली असतात. हेल्मेटच्या काचेवर माझाच श्वास जमतो आणि पुढचा रस्ता पुसट होतो. मी काच वर करते, डोळ्यांतून पाणी येतं, काच खाली करते, पुन्हा धुकं. थंडी म्हटलं की लोकांना हुरडा आठवतो, गुळाचा चहा आठवतो. मला एक आकडा आठवतो.

माझं काम हवा मोजण्याचं. खरं तर हवा मोजणारी यंत्रं नीट मोजतात की नाही, ते बघण्याचं. मखमलाबादच्या बाजूला आमची झेंडूची आणि शेवंतीची शेती. आमच्याकडे मोजायची ती फुलं, टोपलीवर आणि शेकड्यावर. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून सातपूरच्या एका छोट्या एजन्सीत लागले, तेव्हा मोठ्या आत्याने आईला विचारलं, "पोरगी करते काय नेमकं?" आई म्हणाली, "हवा मोजते." आत्याने तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "किलोवर का डझनावर?" त्यानंतर घरातल्या प्रत्येक लग्नात माझी ओळख हवावाली अशीच करून दिली गेली. मला राग येत नाही. कामाच्या पहिल्या दिवशी मलाही ते काहीसं हसण्यासारखंच वाटलं होतं.

आपण ज्याला हवा म्हणतो त्यात शंभरातले वीस पॉइंट नऊ भाग ऑक्सिजन असतो. बाकीचा जवळजवळ सगळा नायट्रोजन. हा आकडा गोदाघाटावर तोच, चांदवडच्या घाटात तोच, वणीच्या गडावर पायऱ्या चढून दम लागतो तिथेही तोच. माझ्या बॅगेत एक हातात धरायचं यंत्र असतं, ते मी सुरुवातीच्या दिवसांत जाईन तिथे चालू करायचे. भाजीबाजारात, एसटी स्टँडवर, आमच्या शेवंतीच्या वाफ्यात. प्रत्येक ठिकाणी वीस पॉइंट नऊ. इतकी झाडं, इतक्या चुली-भट्ट्या, इतक्या गाड्या, इतक्या माणसांचे आणि गुराढोरांचे श्वास, आणि तरी आकडा हलत नाही. हे कोण सांभाळतं, कसं सांभाळतं, याचं मला आजही नवल वाटतं.

पण चार भिंती आणि एक दार आलं की ही हमी संपते. बंद खोलीत नायट्रोजन सुटला तर तो ऑक्सिजनची जागा घेतो. त्याला वास नाही, रंग नाही, तो विषारीही नाही. आपण तर जन्मभर तोच पोटभर घेत असतो. म्हणून गुदमरल्यासारखंही वाटत नाही. माणूस काम करता करता जरा टेकतो आणि मग उठत नाही. त्यासाठी अशा खोल्यांमध्ये भिंतीवर एक यंत्र कायमचं बसवलेलं असतं. साधारण मुठीएवढं, वर आकड्यांची पट्टी, खाली जाळीचं तोंड. आकडा साडेएकोणीसच्या खाली गेला की भोंगा वाजतो.

त्या जाळीमागे जो सेन्सर असतो त्याच्याबद्दल मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी जेवणाचा डबा तसाच ठेवून ऐकत बसले होते. त्याच्या पोटात शिशाचा एक तुकडा असतो. हवेतला ऑक्सिजन आत येतो, शिसं थोडं थोडं गंजतं, त्या गंजण्यातून इवलीशी वीज निघते, आणि ती वीज म्हणजेच तो आकडा. म्हणजे ते यंत्र खरोखर श्वास घेतं आणि घेता घेता झिजतं. खोक्यात नुसतं ठेवलं तरी दोन वर्षांत संपतं, कारण खोक्यातही हवा आहेच. आमचे साहेब, ज्यांच्या हाताखाली मी शिकले, ते जुना सेन्सर बदलताना टाकायच्या आधी एक क्षण हातात धरून ठेवायचे. मीही आता तसंच करते. 

हे यंत्र हळूहळू चळतं, म्हणून ठरलेल्या मुदतीने त्याला पुन्हा शिकवावं लागतं. त्यालाच कॅलिब्रेशन म्हणायचं. आधी जाळी साफ करायची, मग तोंडाला एक प्लास्टिकची टोपी लावायची, नळीने शुद्ध नायट्रोजन सोडायचा आणि सांगायचं, हे बघ, हे शून्य. मग दुसऱ्या सिलिंडरमधली चोख हवा सोडायची आणि सांगायचं, हे वीस पॉइंट नऊ. ते ऐकतं. तुम्ही जे दाखवाल त्याला ते वीस पॉइंट नऊ समजतं आणि पुढचं सगळं त्यावरून मोजतं. साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "खोलीतल्या हवेवर कधी शिकवायचं नाही. त्या हवेवर संशय आहे म्हणून तर ते तिथे लावलंय." मी वहीत लिहूनही घेतलं होतं.

ती माझ्या नोकरीची पहिली थंडी. चांदवडच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत, जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या, गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या साठवायचं एक केंद्र होतं. भोवती कांद्याची हिरवी रानं. थंडीत म्हशी माजावर येतात, त्यामुळे हा त्यांचा घाईचा हंगाम. गावोगावचे डॉक्टर मोटरसायकलला कंटेनर बांधून यायचे आणि लिक्विड नायट्रोजन भरून न्यायचे. एका खोलीत मोठी टाकी, भिंतीला ओळीने कंटेनर, आणि कमरेच्या उंचीवर आमचं यंत्र. त्या खोलीचा कारभार दगूनानांकडे होता. साठीला टेकलेले, डोक्याला मफलर, अंगात दोन स्वेटर, आणि बोलणं नांदगावकडचं.

त्यांनी पहिल्यांदा कंटेनरचं झाकण उचललं तेव्हाचं मला अजून दिसतं. पांढरी वाफ कडेवरून खाली सांडली आणि जमिनीवरून माझ्या बुटांपर्यंत आली. एक थेंब फरशीवर पडला, तो टुणटुणत पळत गेला आणि ओलसुद्धा न ठेवता नाहीसा झाला. शून्याच्या खाली जवळजवळ दोनशे अंश, आणि तरी भांड्यात तो खळखळ उकळत होता. नानांनी चिमट्याने एक कांडी अर्धी वर काढून दाखवली, काडेपेटीच्या काडीपेक्षा थोडी जाड. "हा वळू मरून धा वर्सं झाली," ते म्हणाले, "आन त्याची वासरं आजून जलमतायत. बोला!"  मी नुसती त्या कांडीकडे बघत राहिले.

तर त्या थंडीत केंद्रातून फोन आला की भोंगा सारखा वाजतोय. मी गेले. पट्टीवर अठरा पॉइंट सात दिसत होतं. नाना वैतागलेले होते.

"ताई, हे मशीन लय कावतंय. थंडी पडली का याचं वरडनं सुरू. आमाला काम करू देत नाय."

"नाना, हवा खरंच कमी असेल."

"हवा कमी? थांबा, दावतो."

त्यांनी कोनाड्यातून रॉकेलची चिमणी काढली, पेटवली आणि यंत्राच्या बरोबर खाली जमिनीवर ठेवली. ज्योत सरळ उभी राहिली. "माझा बाप हिरीतला गाळ काढायचा," ते म्हणाले. "उतरायच्या आधी दोराला चिमनी बांधून खाली सोडायची. इझली का उतरायचं नाय. जन्मभर त्याने दुसरं मशीन पाह्यलं नाय, आन रोज घरी जिता आला. आता ही बघा, कशी जळतीय. मंग खोटं कोन बोलतंय?"

त्या ज्योतीपुढे मला माझी वही आठवली नाही. थंडीत सेन्सर थोडा कमी दाखवतो, एवढं अर्धवट ज्ञान डोक्यात होतं. वर माझ्या बॅगेतला चोख हवेचा सिलिंडर सकाळच्या कामातच रिकामा झाला होता. तो आणायचा म्हणजे नाशिकला परत जायचं, आणि हातातलं यंत्रही त्या दिवशी ऑफिसातच चार्जिंगला राहिलं होतं. मी दोन मिनिटं दार उघडं ठेवलं, आकडा हलला नाही तरी मनाशी म्हटलं की आता आत आली असेल बाहेरची हवा, आणि त्या खोलीतल्या हवेलाच वीस पॉइंट नऊ म्हणून शिकवलं. भोंगा थांबला. नानांनी मला गुळाचा चहा पाजला, वरून हरभऱ्याची भाजी बांधून दिली. मी खूश होऊन घरी आले.

चिमणी खोटं बोलली नव्हती. तिचा प्रश्नच वेगळा होता. ती विझते साधारण सोळाच्या आसपास. अठरावर ती छान जळते. नानांच्या वडलांना विहिरीत तेवढंच कळायला हवं होतं, कारण तिथे त्यांना अर्ध्या तासाचं काम. नाना मात्र रोज आठ तास त्या खोलीत होते, आणि मी त्यांच्या भिंतीवरच्या राखणदाराला सांगून ठेवलं होतं की अठरा पॉइंट सात ही पुरेशी हवा आहे. आता तो साडेसतराच्याही खाली गेल्याशिवाय ओरडणार नव्हता. त्यानंतर कामावर उभ्या असलेल्या माणसाला आपण चुकतोय हे समजण्याइतकीही शुद्ध राहील, याची खात्री नसते.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. माहीत होतं, पण आकड्यांत. माणसात माहीत नव्हतं.

मग अकरा दिवस मी मजेत हिंडले. सिन्नरला गेले, गोंदे फाट्याच्या कारखान्यांत गेले. त्याच दिवसांत मला स्वतःच्या श्वासाने सेन्सर तपासायची सवय लागली. श्वास थोडा वेळ कोंडून धरायचा आणि मग जाळीवर सोडायचा. आकडा सरसर खाली येतो, अठरा, सतरा, कधी त्याच्याही खाली, आणि भोंगा वाजतो. म्हणजे मी आत घेतलेल्या हवेतून माझ्या शरीराने काय काढून घेतलं ते भिंतीवर लिहून येतं. मला ते इतकं आवडायचं की काम झालं तरी मी उगाच एकदा फुंकून बघायचे.

बाराव्या दिवशी सकाळी मी ऑफिसात सिलिंडर भरून आणायची यादी करत होते आणि नानांचा फोन आला. आवाज अगदी खुशीतला.

"ताई, तुमी मशीन काय झ्याक करून दिलं! काल खोलीला चुना मारला. कालपासून दारं-खिडक्या सताड उघड्या, पंखा चालू. आन आज बघतो तर तेवीस पॉइंट चार! येवढी चोख हवा आमच्याकडं कधीच नवती. रजिस्टरला लिवलं बरं का."

मी उभीच राहिले. तेवीस पॉइंट चार. जगात कुठल्याही शेतात, कुठल्याही डोंगरावर, कुठल्याही उघड्या दाराच्या खोलीत इतका ऑक्सिजन नसतो. ऑक्सिजन फार वाढला तरी भोंगा वाजतो, पण तो साडेतेवीसला. एका दशांशासाठी तो गप्प राहिला होता. त्या बिचाऱ्या यंत्राने माझं ऐकलं होतं. मी खोटं शिकवलं, ते त्याने मनापासून धरलं, आणि खरी हवा समोर येताच हिशेब जुळेना तेव्हा जेवढं कळतं तेवढ्या प्रामाणिकपणे तो न जुळणारा आकडा दाखवला. 

"नाना, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"आतच हाय. टाकी भरायला टँकर आलाय. थंडी लय हाय आज, म्हनून पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, आता दार लावून घेतो आन…"

"दार लावू नका. बाहेर या."

"आवं, हवा चोख हाय की. मशीन सांगतंय."

"मशीन खोटं सांगतंय."

"चिमनी बी जळतीय, ताई. लावून ठिवलीय."

त्यांच्याकडे दोन साक्षीदार होते आणि दोघंही माझ्या विरुद्ध. टाकी भरताना खोलीभर वाफ होते, आणि हा माणूस दार लावून तिच्यात उभा राहणार होता. मला एकदम कळलं की माझं शिक्षण, माझा हुद्दा, आवाज चढवणं, यातलं काही उपयोगाचं नाही. एकच गोष्ट उरली होती.

"नाना, मी चुकले," मी म्हणाले. "त्या दिवशी मशीन बरोबर होतं. मीच त्याला बिघडवलं. तुम्हाला काही झालं तर ते माझ्यामुळे होईल. माझ्यासाठी बाहेर या."

फोनवर टँकरच्या इंजिनाचा आवाज. मग पावलं, मग दाराची कडी, मग मोकळ्यावरचा वारा. "आलो," ते म्हणाले. "आता रडू नका." मी रडतेय हे मला तेव्हाच कळलं.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी गाडीची किल्ली घेतली आणि स्वतः माझ्याबरोबर आले. चांदवडपर्यंतचा रस्ता मला त्या दिवशी जेवढा लांब वाटला तेवढा पुन्हा कधी वाटला नाही. साहेबांनी आधी हातातलं यंत्र पुढे धरून खोली तपासली, दार उघडं ठेवून टाकी भरून घेतली आणि मला म्हणाले, "तूच कर." मी जाळी साफ केली, टोपी लावली, नायट्रोजन सोडला, शून्य. मग सिलिंडरमधली चोख हवा. वीस पॉइंट नऊ. दोनदा करून बघितलं. रिपोर्टावर मागच्या वेळी काय चुकलं ते लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं.

नाना उंबऱ्यापाशी उभे राहून बघत होते. त्यांना पटलेलं नव्हतं. "पन चिमनी जळत होती ना?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. मग साहेब म्हणाले, "नाना, रोज जसं असतं तसं करा." तेव्हा नानांनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, टाकीमागे जाऊन, खाली बसणारा गार नायट्रोजन बाहेर जावा म्हणून ठेवलेल्या जमिनीलगतच्या झरोक्यांत गोणपाटं कोंबली, थंडी येते म्हणून ते रोज कोंबायचे तशी, चिमणी पेटवून यंत्राखाली ठेवली आणि बाहेर येऊन दार लावलं. दाराला काचेची एक खिडकी होती. आम्ही तिघं तिला नाक लावून उभे राहिलो. ती गोणपाटं मागच्या वेळी माझ्या नजरेसही पडली होती. मी त्यांच्याकडे बघितलं होतं आणि पाहिलं नव्हतं.

पहिली दहा मिनिटं काही झालं नाही. मग वीस पॉइंट सहा. वीस. एकोणीस पॉइंट चार, आणि भोंगा वाजायला लागला. आत कुणी नव्हतं. काही हललं नव्हतं. त्या रिकाम्या, पांढऱ्या, नुकत्याच चुना मारलेल्या खोलीतून आपला जीव ज्यावर चालतो ती गोष्ट निघून जात होती आणि डोळ्यांना खोली जशीच्या तशी दिसत होती. अठरा पॉइंट एक. चिमणी जळत होती. तिच्या शेजारी नानांचं स्टूल होतं, त्यावर रजिस्टर आणि चष्मा. मला देवळात गेल्यावर कधी आली नाही अशी एक भीती आणि तिच्यात मिसळलेला नमस्कार तेव्हा मनात आला. एवढ्या थोड्या, एवढ्या न दिसणाऱ्या गोष्टीवर आपण सगळे चाललो आहोत.

नाना काचेपासून मागे सरकले.  साहेबांनी दार उघडलं, पंखा लावला, आकडा वर येईपर्यंत कुणाला आत जाऊ दिलं नाही, आणि मग मी स्वतः ती गोणपाटं उपसून काढली. मला वाटलं, आता नाना रागावतील. रागवावं असंच मला वाटत होतं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"अकरा दिस?" त्यांनी विचारलं.

"हो, नाना."

"म्हंजे हे अकरा दिस मला हवा कमी होती?"

"हो. थोडी कमी. पण रोज."

ते ओट्यावर बसले. मफलर सोडून मांडीवर घेतला. "दोन कंटेनर उचलले का छाती भरून यायची," ते म्हणाले. "डोकं दुखायचं. दुपारी डोळा लागायचा. जिना चढायला नको वाटायचं. मी म्हनलं, संपलं आता आपलं. वय झालं. परवा मोठ्या सायबाला सांगून बी टाकलं, म्हनलं दुसरा मानूस बघा, माझ्याच्यानं व्हत नाय. घरी बायकोला सांगितलं तर ती दोन दिस जेवली नाय." त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. "म्हंजे मी म्हातारा नव्हतो झालो?"

"नाही, नाना. हवा कमी होती."

ते उठले, ओट्यावर भरून ठेवलेला एक कंटेनर दोन्ही हातांनी उचलला आणि उन्हातून फाटकाच्या दिशेने चालायला लागले. साहेब मागे जायला निघाले, पण मी त्यांना थांबवलं. नाना फाटकापर्यंत गेले, वळले, मधे कुठेही न टेकता परत आले. कंटेनर खाली ठेवला आणि माझ्यासमोर ताठ उभे राहून म्हणाले, "बघा. दम लागलाय का?"

दम लागला नव्हता.